न सांगितलेली गाऱ्हाणी

गेल्या वर्षी दिवाळीची सुटी संपून शाळा उघडल्या, त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. रिसोडच्या ज्या वाचनालयात मी संध्याकाळचा जाऊन बसतो, तेथे एक बाई आल्या. बाजाराचा दिवस होता. भाजीची रिकामी टोपली त्यांनी पायरीवर ठेवली, पदराने तोंड पुसले आणि पिशवीतून एक फाटकी वही काढून माझ्यापुढे धरली. मुलगा नववीत. गाव रिसोडपासून दहा-बारा किलोमीटरवर. शाळेसाठी रोज एस.टी.ने यायचे आणि एस.टी.नेच परत जायचे. बाईंनी आजूबाजूला कोणी नाही असे पाहून विचारले, "सर, पोरगं बोलतच नाई. त्याले काय झालं ते एखाद्या पुस्तकात असंन काय हो?"

जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला याहून अवघड प्रश्न कोणी विचारला नसेल. वाङ्मयाचा जीवनाशी संबंध काय, यावर मी फळ्यापुढे उभा राहून पुष्कळ बोललो आहे. तो संबंध त्या दिवशी भाजीची टोपली घेऊन दारात आला, आणि मला एकाही पुस्तकाचे नाव चटकन सांगता आले नाही.

बाईंनी मग जे सांगितले ते वाण्याची यादी सांगावी तसे, एकाचा दुसऱ्याशी संबंध न लावता सांगितले. मुलगा घरी आला की पायातले न काढता आधी संडासाकडे धावतो आणि मग घटाघटा तांब्याभर पाणी पितो. डबा हल्ली अगदी स्वच्छ, रिकामा येतो; पूर्वी अर्धी पोळी नेहमी उरायची. सोमवारी सकाळी पोट दुखते, रविवारी दुपारी दुखत नाही. सदऱ्याची दोन बटणे गेली, ती कशी गेली हे त्याला आठवत नाही. ज्या मित्राचे नाव दिवसातून दहादा निघे, ते दोन महिन्यांत एकदाही निघालेले नाही. आणि धाकट्या बहिणीला त्याने परवा विनाकारण मारले. वडिलांचे म्हणणे, वयात येतो आहे, होईल सरळ.

आता ही यादी पुन्हा वाचा. जो मुलगा शाळेत सहा तास संडासाला जात नाही, तो तेथे जायला भितो. कारण मास्तरांची नजर न पोचणारी शाळेतली ती एकच जागा असते. रिकामा डबा भुकेचे लक्षण नसून डबा दुसरेच कोणी खात असल्याचे लक्षण असू शकते. ज्या नावाचा उच्चार थांबला, तो मित्र एक तर पलीकडच्या गोटात गेला आहे किंवा मार बसताना बाजूला उभा राहून पाहत होता. यांतली एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच सिद्ध होत नाही. पण चार-सहा एकत्र आल्या म्हणजे त्यांची एक कथा होते, आणि ती कथा वाचता येणे ही आईबापांची खरी साक्षरता आहे. बाईंना ती वाचता येत होती. आपल्याला वाचता येते, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

त्या गेल्यावर मी कपाटे धुंडाळू लागलो. हा लेख म्हणजे त्या धुंडाळण्याचा हिशेब आहे.

पहिली अडचण शब्दाचीच आली. मुलाने मुलाला जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा आणि त्याला उलट करता येत नाही हे ओळखून छळावे, या गोष्टीला आपल्याकडे एकटाक नाव नाही. चिडवणे, खोड्या काढणे, टर उडवणे, फिरकी घेणे, मस्ती करणे, हिणवणे, सतावणे, दादागिरी करणे: शब्दांची काही वाण नाही. पण यांतले बहुतेक शब्द हसत हसत उच्चारायचे आहेत. 'छळ' हा शब्द आपण सासुरवासासाठी राखून ठेवला. चौदा वर्षांच्या पोराच्या वाट्याला तो येऊ दिला नाही. नॉर्वेतील डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हा त्याने हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता या तीन खुणा धरल्या. या खुणा आपल्या शब्दांवर लावून पाहा. दोन बरोबरीची मुले एकमेकांना चिडवतात, दुसऱ्या दिवशी एकत्र विटीदांडू किंवा क्रिकेट खेळतात, ती मस्ती. एकच मुलगा रोज खाली आणि तेच चौघे रोज वर, ती मस्ती नव्हे. नॉर्वे सरकारलासुद्धा हे एका दिवसात पटले नाही. १९८२ साली त्या देशाच्या उत्तर भागात तीन शाळकरी मुलांनी जीव दिला, आणि नंतर १९८३ मध्ये देशभराच्या शाळांसाठी मोहीम निघाली.

शब्द हलके का राहिले, याचे कारण शोधताना मी फार मागे गेलो आणि गवळणींपाशी येऊन थांबलो. आपल्या मराठी मनात गाऱ्हाण्याचे पहिले चित्र कोणते? गवळणी यशोदेच्या दारात आल्या आहेत. याने मडके फोडले, दही सांडले, वाट अडवली म्हणून सांगत आहेत. आणि ऐकणारे सगळेच्या सगळे कृष्णाच्या बाजूचे आहेत. गाऱ्हाणे जितके तपशीलवार, तितका हशा मोठा. त्या गाऱ्हाण्याच्या पोटात भक्ती आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्या भागातल्या कोणा वारकऱ्याने माझ्यावर रागावू नये. माझे म्हणणे एवढेच, की देवाच्या बाबतीत जे शोभते तेच आपण गल्लीतल्या पोराच्या बाबतीत चालवून घेतले. 'आमचा फार खोडकर आहे' हे वाक्य आपण पाहुण्यापुढे अभिमानाने बोलतो, आणि 'आमच्याला कोणीतरी त्रास देते' हे वाक्य खालच्या आवाजात. तक्रार करणारा हा आपल्या करमणुकीचा विषय झाला. मुले हे फार लवकर शिकतात.

विनोदी वाङ्मयाचेही असेच. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ति आणि वल्ली' (१९६२) मधला सखाराम गटणे कोणाला आवडत नाही? तो पुस्तकी, अतिशुद्ध बोलणारा मुलगा लेखकाने मोठ्या मायेने रेखाटला आहे. त्यांचे हसू त्याला कोठे ओरखडा काढत नाही. परंतु पुस्तकातली माया पुस्तकात राहते आणि नाव तेवढे बाहेर पडते. येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या वर्गात एक मुलगा उत्तर देताना 'तथापि' म्हणाला. मी म्हणालो, "या, गटणे, बसा!" वर्ग खो खो हसला, मीही हसलो, आणि माझ्या लेखी ते तेथे संपले. त्या मुलाचे नाव दहावीपर्यंत गटणे राहिले. त्याने नंतर वर्गात हात वर केल्याचे मला आठवत नाही. टोपणनावाचे बारसे पुष्कळदा मास्तरच करतात. पाळणा हलवायला मग सगळा वर्ग असतो.

आईबापांनी काय करावे, हे विचारायला मराठी माणूस शेवटी 'श्यामची आई'कडेच जातो, मीही गेलो. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपल्या घराघरांत पालकनीतीचा ग्रंथ म्हणून वाचले गेले. त्यात श्यामच्या पोहण्याची कथा आहे. श्यामला पाण्याची भीती वाटते. बाकीची मुले विहिरीवर जातात आणि हा घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते. तो पोहतो. परत येतो तेव्हा तीच आई त्याला जवळ घेऊन दही वाढते आणि आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे हे आपल्याला कसे खपेल, असे सांगते. मारणारी आणि दही वाढणारी आई एकच आहे, हे त्या कथेचे सारे सौंदर्य. लहानपणी ती ऐकताना माझे डोळे भरून आले होते; आजही येतात.

पण या वेळी मी ती त्या भाजीवाल्या बाईंच्या बाजूने वाचली, आणि एक गोष्ट नव्याने दिसली. श्यामची आई पाण्यापेक्षा लोकांच्या तोंडाला भिते. भित्रा हे नाव पडू नये म्हणून शिंपटी उचलली जाते. श्यामच्या बाबतीत हा उपाय लागू पडला. कारण समोर पाणी होते. पाणी कोणाचा द्वेष करीत नाही. ते चार मित्रांना सोबत घेऊन दुसऱ्या दिवशी वाट अडवीत नाही, आणि एकदा पोहायला आले की ते आपल्या बाजूचे होते. आपण मात्र ही गोष्ट पाण्यापुरती ठेवली नाही. 'तूही एक ठेवून दे', 'पोरीसारखा रडतोस काय', 'आमच्या वेळी आम्ही असे नव्हतो': मार खाऊन आलेल्या मुलाला घरात जे ऐकावे लागते, ते त्या शिंपटीचेच दूरचे नातेवाईक आहे, फक्त दही वाढायचे तेवढे राहून जाते. चौघांपुढे एकटा पडलेल्या मुलाला धैर्य शिकवायला निघणे म्हणजे त्याच्या भित्रेपणावर आपलेही शिक्कामोर्तब करणे. त्याला दोष असा कळतो, की छळणारे चूक नाहीत, मीच कमी पडतो.

आणखी एक गोष्ट. श्याम हे सारे कोणाला सांगतो आहे? आश्रमातल्या सोबत्यांना, रात्रीच्या वेळी, मोठेपणी. आणि त्या वेळी आई या जगात नाही. मराठीतले हे एवढे मोठे मातृस्तोत्र, पण ते ऐकायला आई नाही. ही गोष्ट मला यापूर्वी कधी खटकली नव्हती.

मुले उशिरा बोलतात आणि दुसऱ्याच कोणापाशी बोलतात, हे एकदा ध्यानात आल्यावर कपाटातली पुस्तके मला निराळ्या क्रमाने दिसू लागली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७), किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४). यांवर सामाजिक अंगाने विपुल लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती करीत नाही. फक्त मथळे ओळीने वाचा. ही पुस्तकांची नावे होण्याआधी अंगावर फेकलेली नावे होती. तोळ्याला बारा मासे. अकराच भरला तो अक्करमाशी. जन्मातच एक मासा कमी, असे ज्याला जगाने सुनावले त्याने मोठेपणी तोच दगड उचलून पुस्तकाच्या कपाळावर बसवला. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) तर नायकाला स्वतःच्या दगडू या नावाचीच लाज वाटते, आणि दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी पुस्तकाची मांडणीच आहे: दगडूचे ऐकून घ्यायला शेवटी दया पवारच लागतो. चिडवण्याने माणसाला किती खोल खड्डा पडतो, याचा याहून मोठा पुरावा मराठीत मला माहीत नाही. आणि त्याबरोबर हेही कळते, की शाळेतले टोपणनाव बहुधा शाळेत जन्मत नाही. ते घराघरांतल्या जेवणाच्या गोष्टींतून दप्तरात बसून येते. जातीवरून, आईच्या धंद्यावरून, रंगावरून, बोलण्यावरून. छळणारा मुलगा पुष्कळदा आपल्या वडिलांचेच वाक्य घोकत असतो.

बोलण्यावरून आठवले. रिसोडची, मालेगावची मुले आता दहावीनंतर शिकवणीसाठी मोठ्या शहरांत जातात. तेथे वसतिगृहात 'माह्या', 'तुह्या', 'काहून' यांची नक्कल होते, आणि सहा महिन्यांत मुलगा घरी फोनवरही पुस्तकी बोलू लागतो. आईला वाटते, पोरगा सुधारला. उद्धव शेळके यांनी 'धग' (१९६०) मध्ये याच वऱ्हाडी बोलीतून कौतिकचा संसार उभा केला, आणि मराठी कादंबरीत तिला मानाचे पान मिळाले. पण कादंबरीतल्या मानाने वसतिगृहातली नक्कल थांबत नाही.

मथळ्यांच्या याच माळेत मी एक चित्रपट घालतो. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३). कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. हा चित्रपट आपण जातीविषयीचा म्हणून पाहिला, आणि तो आहेच. परंतु पौगंडावस्थेतल्या मुलाचा छळ घरच्यांना कसा दिसत नाही, याचे इतके नेमके चित्रण दुसरे नाही. जब्या कैकाड्याचा. त्याला वर्गातली शालू आवडते, चांगली जीन्स हवी आहे, काळी चिमणी हवी आहे. वडील कचरू यांना मुलीच्या लग्नाचा पैसा हवा आहे. गावातली डुकरे पकडायचे काम अंगावर येते, आणि ती पकडावी लागतात शाळेच्या शेजारी, वर्गातल्या सगळ्या मुलांच्या डोळ्यांसमोर. जब्या लपतो. बापाला वाटते, कामचुकार आहे. तो त्याला शोधून काढतो आणि मारतो.

श्यामची आई लपलेल्या मुलाला शोधून मारते, कचरूही लपलेल्या मुलाला शोधून मारतो. दोघांचेही मुलावर प्रेम आहे. एका कथेच्या शेवटी दही आहे आणि दुसरीच्या शेवटी दगड. याचा दोष कचरूला देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. किशोर कदमांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी लाचारी आहे ती पाहिल्यावर तो देववत नाही. कचरू स्वतः जन्मभर हेच सोसत आला. सोसण्याची त्याला इतकी सवय झाली आहे, की मुलाला ते सोसवत नाही हेच त्याला कळत नाही. पालकांनी हा प्रसंग एकदा मुलांना बाजूला ठेवून, स्वतःसाठी पाहावा. मुलगा लपतो तेव्हा तो कामापासून लपतो आहे की डोळ्यांपासून, हा प्रश्न कचरूला पडत नाही. आपल्याला पडतो का?

जब्याचे मन ज्याच्यापाशी मोकळे होते तो बाप नव्हे. सायकलच्या दुकानातला चंक्या. हे योगायोगाने होत नाही. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'मध्ये (२००४) आणीबाणीच्या दिवसांतला नववीतला मुकुंद जोशी घरात आईवडील असताना नरूमामाशी बोलतो. हे नरूमामाचे पात्र मला त्या कादंबरीतले सर्वांत उपयुक्त पात्र वाटते. उपदेशाचा सूर न लावता तो ऐकतो, आणि ऐकलेले तोंडावर फेकत नाही. 'शाळा'विषयी एक तक्रारही नोंदवतो. मुलीच्या मागे मागे जाणे, तिच्या येण्याजाण्याच्या वेळा धरणे, तिला पाहून आपसांत खुणा करणे, हे सारे तेथे मुलाच्या बाजूने आले आहे, म्हणून ते गोड आहे. रोज आपल्या मागे कोणीतरी चालते आहे, हे त्या मुलीला कसे वाटत असेल? त्या मुलीची कादंबरी वाचायला मला आवडेल. रोज नवी वाट धरून शिकवणीला जाणाऱ्या आपल्या मुली ती काहीही न लिहिता जगत आहेत, आणि सांगितले तर शिकवणीच बंद होईल, म्हणून गप्प आहेत.

तेव्हा मुले का सांगत नाहीत? इंग्रजीत टॉमस ह्यूझ यांच्या 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' (१८५७) या प्रसिद्ध कादंबरीत थोराड फ्लॅशमन लहानग्या टॉमला शेकोटीपुढे धरून भाजतो, आणि टॉम नाव सांगत नाही. ग्रंथकाराला त्यात मर्दपणा दिसतो. फ्लॅशमनला शाळेतून काढतात ते दारू पिऊन सापडला म्हणून. भाजल्याबद्दल त्याला काढत नाहीत. आपल्या मुलांचे गप्प बसणे मात्र त्या जातीचे नाही, असे मला वाटते. त्यांच्या मुकेपणात आईबापांची काळजी असते. सांगितले तर बाबा शाळेत येऊन आरडाओरडा करतील आणि उद्या दुप्पट मिळेल. सांगितले तर मोबाइल काढून घेतील. म्हणजे वर्गाच्या ग्रुपवर माझा फोटो फिरवला दुसऱ्यांनी आणि शिक्षा मला. आणि सर्वांत खोल कारण: ज्यावरून मला हिणवतात ते आईलाच लागेल.

हे कारण मला पुस्तकांनी शिकवले नाही. ते पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या बाईंनी येऊन सांगितले.

मी त्यांना एवढेच म्हणालो होतो, की चार दिवस त्याला काही विचारू नका. समोर बसवून तर मुळीच नाही. त्याच्याबरोबर कामाला बसा आणि दुसरेच काही बोला. विहिरीची आणि डुकरांची गोष्ट सांगितली होती. त्यांनी माझ्यापेक्षा शहाणपणा केला. आपल्या भावाला बोलावून घेतले. हरभऱ्याला पाणी द्यायचे होते आणि वीज रात्रीची. मामा-भाचे स्प्रिंकलरचे पाइप हलवायला शेतात गेले. अंधारात कोणाचे तोंड कोणाला दिसत नव्हते. दुसरी पाळी बदलताना मुलगा आपणहून बोलला. बसमध्ये मागच्या बाकावर वरच्या वर्गातले चौघे. हा पायरी चढला की त्यांतला एक ओरडतो, "मेथी दहाला दोन!" बाकीचे पुढे म्हणतात, "पालक घ्या, पालक!" मग सगळी बस हसते. शाळेत पोचेपर्यंत हेच. डबा तेच खातात. वही त्यांनीच फाडली. तिच्यावर कोथिंबिरीच्या जुडीचे चित्र काढले होते. दोन महिने.

"मले काहून नाई सांगतलं?" असे बाईंनी मला विचारले, आणि उत्तरही स्वतःच दिले. त्या मेथी विकतात.

आता टीकाकाराची दृष्टी येथे पुरी कामाला लागली. कारण 'मेथी दहाला दोन' या तीन शब्दांत एकही अपशब्द नाही. मुख्याध्यापकांपुढे कोणी एवढेच सांगितले, तर ते म्हणणार, यात वाईट काय आहे? शब्दांचा अर्थ शब्दांत नसतो, ते कोणी, कोणाला, कोठे आणि कितव्यांदा उच्चारले यात असतो. वर्गात मी हे काव्याबद्दल शिकवीत असे. म्हणून गाऱ्हाणे तोंडी नको, लेखी हवे, आणि लेखी म्हणजे तारीखवार हवे. महाराष्ट्राने रॅगिंगविरुद्धचा कायदा १९९९ साली केला. आपल्याला वाटते तो मेडिकलच्या मुलांपुरता आहे. पण शिक्षण देणारी संस्था, मग तिचे नाव काही असो, त्याच्या कक्षेत येते, वसतिगृहे आणि शिकवणी वर्गसुद्धा. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली, की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. तथ्य आढळले तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची आहे, आणि प्रमुखाने दुर्लक्ष केले तर तोही दोषी. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांवर हे हत्यार उगाच उगारू नये, असेच मी म्हणेन. पण ते भिंतीवर टांगलेले आहे, हे दोन्ही बाजूंना माहीत असावे. मुलाला कोणाशीच बोलवेना, तर १०९८ हा फोन आहे, रात्रीबेरात्रीही, फुकट. तो क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला काही तक्रार असावी लागत नाही.

अर्ज बाईंनी स्वतः लिहिला. मी लिहून देतो म्हणालो, तर नको म्हणाल्या. सातवीपर्यंत शिकले मी, सर. मुलाला शेजारी बसवून, त्याला विचारून, तारखा घालून लिहिला. अमुक तारखेला डबा. अमुक तारखेला बटणे. अमुक तारखेला वही, सोबत जोडली आहे. एक विशेषण नाही, कोठे गहिवर नाही. 'मेथी दहाला दोन' येथे त्यांची लेखणी अडली असावी; तो शब्द दोनदा गिरवलेला दिसत होता. पण लिहिला. मुलाने तो आईला लिहिताना पाहिला, हे मला त्या अर्जातले सर्वांत मोठे वाक्य वाटते, आणि ते कागदावर नव्हते.

मुख्याध्यापक भले गृहस्थ. चारही मुलांच्या वडिलांना बोलावले. त्यांतले एक यशोदेच्या सुरात म्हणाले, "पोट्टे हायेत, मस्ती करतात." दुसरे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हे 'दहाला दोन' आमच्या घरचंच बोलणं आहे, बाजारातून आल्यावर मीच नक्कल करतो. एस.टी.च्या वाहकांना सांगून मुलाची जागा पुढे, त्यांच्या बाकाजवळ करून दिली. चौघांपैकी दोघे आता त्याच्याशी बोलतात, दोघे बोलत नाहीत. सोमवारचे पोटदुखणे एकदम गेले नाही. संक्रांतीपर्यंत अधूनमधून होते.

परवा बाई बाजाराच्या दिवशी पुन्हा आल्या. पुस्तक परत करायला. 'श्यामची आई' नेले होते त्यांनी. मी विचारले, कसे वाटले? म्हणाल्या, "बाई चांगली व्हती. पण मारलं नस्तं तं चाललं अस्तं." अर्जाची पोच अजून जपून ठेवली आहे म्हणाल्या, गॅसच्या पुस्तकात. मुलगा यंदा दहावीत आहे. टोपली उचलायला तोच आला होता. पायरीवर मेथीच्या दोन जुड्या उरल्या होत्या. त्या त्याने माझ्या टेबलावर ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत.